मान दाखवून घे

चरई, ठाणे

चि. संदीपला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलास आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे.

बाबांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर. नाव ऐकूनच माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, हा कॅन्सर हळू वाढतो, शरीरात सहसा पसरत नाही, पण ठेवला तर आजूबाजूचं पोखरत जातो. आणि बाबांचा नेमका नाकाच्या कडेला, डोळ्याजवळ. सोमवारी काढणार आहेत.

आधी नुसती काळपट, चकचकीत पुळी होती रे. दाढी करताना रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा तेच. हे आपले हळद लावत बसले. महिनाभरात जखम भरली नाही की दाखवायची, असं डॉक्टरांनी बजावलंय.

नोकरीभर ऊनच अंगावर घेतलं त्यांनी. मे महिन्यात तीन हात नाक्यावर मी डबा घेऊन जायची. टोपी काढली की वर कपाळ उजळ आणि खाली चेहरा करपलेला. तू लहान होतास, त्या रेघेवरून बोट फिरवायचास. त्याच पगारात तुला इंजिनीअर केलं. ब्रिस्बेनला तू रस्ते बांधतोस हे मी भाजीवाल्यालाही सांगते.

पण तिथलं ऊन! आणि तू म्हणतोस, आपल्या रंगाला काही होत नाही. धोका कमी असतो, नसतो असं नाही. दिवाळीत आलास तेव्हा मानेवरचा तो तीळ मला मोठा वाटला. कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन रंग, 6 मिलिमीटरहून मोठा, किंवा नुसता बदलत चाललेला, यातलं काहीही असलं तरी दाखवायचं. तळपाय आणि नखांखालीही बघ. मेलेनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा जास्त घातक कॅन्सर, आपल्या लोकांना तिथे जास्त होतो, त्याला ऊन लागत नाही.

पुन्हा शिकवायला लागले, रागावू नकोस. पन्नाशीला आलास, तुला कळतं सगळं. पण मान स्वतःची स्वतःला दिसत नाही. मेघाला शेजारी पट्टी धरून फोटो काढायला सांग.

बाबा म्हणतात, विमानाला पैसे घालवू नकोस. मी काही म्हणत नाही. डॉक्टरची तारीख मिळाली की तेवढी कळव.

तुझी,
आई