गणित-संगणकाची आटोपशीर पुस्तके ग्रंथालयांत हवीत

महोदय,

जून उजाडला की दापोली-चिपळूणकडच्या दुकानांत गणिताची आणि संगणकाची जाडजूड गाइडे मांडली जातात, आणि पुस्तक जाड तितका अभ्यास पक्का अशी पालकांची समजूत असल्याने ती हातोहात खपतात. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते.

संगणकाला आज्ञा देण्याची 'सी' ही भाषा घडवणारे डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी ब्रायन कर्निगन यांनी १९७८ मध्ये लिहिलेले त्या भाषेचे पुस्तक अडीचशे पानांच्या आत संपते. त्याच्या पहिल्याच प्रकरणात फॅरनहाइटचे सेल्सिअस करणारा तक्ता आहे. त्यात फॅरनहाइटमधून ३२ वजा करून पाच-नवमांशाने गुणायचे असते; पण पाचाला नवाने आधी भागले, तर पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून उत्तर शून्य येते आणि सगळा तक्ता शून्यांनी भरतो. म्हणून पाच आणि नऊ हे आकडे दशांश चिन्हासह, ५.० आणि ९.० असे लिहायचे. ही मेख दोन-चार वाक्यांत सांगून लेखक पुढे जातात. पावसाळ्यात वीज गेली तरी हा तक्ता वहीत पेन्सिलीने सोडवून पाहता येतो, आणि तसा सोडवलेला विद्यार्थी ती चूक सहसा पुन्हा करत नाही.

आपल्याकडे हे नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीत वाऱ्याने मोडलेल्या बत्तीस हात बांबूचे उदाहरण एकाच श्लोकात मावते: शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर बांबू किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. मात्र तिथवर वाचकाने स्वतः पोहोचायचे असते.

परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायच्या 'शॉर्ट नोट्स'ना मी आटोपशीर पुस्तक म्हणत नाही. त्यांत विचारच गाळलेला असतो, तर चांगल्या छोट्या पुस्तकात फक्त पाल्हाळ गाळलेले असते. म्हणूनच अशा पुस्तकाच्या एका पानाला कधीकधी अख्खी संध्याकाळ लागते, हे पालकांनी आधीच ध्यानात घेतलेले बरे.

गणितज्ञ रँग्लर परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. निदान त्यांच्या मुलखातल्या अनुदानित ग्रंथालयांनी यंदाच्या खरेदीत गाइडांऐवजी अशी पुस्तके घ्यावीत, आणि एका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती ठेवाव्यात, म्हणजे मुलांना ती महिनाभर घरी ठेवता येतील. मराठी प्रकाशकांनीही शंभर-दीडशे पानांची अशी पुस्तके काढावीत; मागे उत्तरे जरूर द्यावीत, रीत मात्र देऊ नये.

— एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)