निनादच्या प्रकृतीविषयी चि. मृण्मयीस पत्र

सातारा,
ता. 9 ऑगस्ट 2025

चि. सौ. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्यानंतर दादाला, म्हणजे आपल्या निनादला, पुण्याला तुमच्याकडे न्यायचे, असे तू आणि विक्रमरावांनी ठरवल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस, आणि त्याच ओघात दादाला आयुष्य किती आहे व त्याच्या तब्येतीचे काय काय पाहावे लागते, असेही विचारलेस. विचारताना तू अडखळलीस, पण तसे अडखळण्याचे काही कारण नाही. ज्याचा सांभाळ पुढची कितीतरी वर्षे तुला करायचा आहे, त्याच्याविषयी सगळे स्पष्ट माहीत असायलाच हवे. फोनवर अशा गोष्टी अर्धवट राहतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र वाचून झाले की ते त्याच्या फाइलमध्येच ठेव.

आधी आयुष्याविषयी. 1986 साली निनाद डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मला तेव्हा मला आणि तुझ्या बाबांना सांगण्यात आले की अशी मुले दहा-बारा वर्षांपलीकडे सहसा जात नाहीत. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. ते शिकले त्या काळच्या पुस्तकांत तसेच आकडे होते. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुर्मान 1949 च्या सुमारास 12 वर्षे धरले जाई, अमेरिकेत 1983 मध्ये ते 25 वर्षांच्या आसपास होते आणि आज तिथे ते साठीच्या घरात गेले आहे. पेशींमध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते म्हणून हे होते, एवढे 1959 मध्येच कळले होते आणि त्या जादा गुणसूत्रावर आजही इलाज नाही. तरीही आयुष्य दुपटीहून अधिक वाढले, ते या माणसांना इतरांसारखे उपचार मिळू लागल्यामुळे. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, आणि एके काळी केवळ मूल मतिमंद आहे एवढ्या कारणावरून हृदयाची शस्त्रक्रिया नाकारली जात असे. आपल्या निनादच्या हृदयातले छिद्र लहान होते आणि ते आपोआप बुजले, हे त्याचे भाग्य. ज्यांचे मोठे होते आणि ज्यांना कोणी टेबलावर घेतलेच नाही, त्यांच्या अल्पायुष्याला नशिबाचे नाव देणे मला मान्य नाही.

ही गोष्ट केवळ डाऊन सिंड्रोमपुरती नाही. फिनलंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांवर 35 वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा सौम्य अक्षमता असलेल्यांचे आयुष्य चारचौघांइतकेच असल्याचे दिसले. अक्षमता तीव्र असली, जोडीला फिट येत असतील, गिळायला त्रास होत असेल, चालता येत नसेल, तर मात्र आयुष्य कमी होते. पण त्याहून मला महत्त्वाची वाटली ती इंग्लंडमधली चौकशी. ब्रिस्टल विद्यापीठाने 2013 मध्ये तिचा अहवाल दिला. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी 13 वर्षे आधी आणि स्त्रिया 20 वर्षे आधी मरण पावत होत्या, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू चांगल्या वैद्यकीय उपचारांनी टाळता येण्याजोगे होते. आजार ओळखायला उशीर झाला, तपासणी पुढे ढकलली गेली, घरच्यांचे म्हणणे कानाआड केले गेले, अशी तिथली कारणे होती. जिथे उपचारांचा खर्च सरकार करते तिथली ही स्थिती आहे, तेव्हा आपल्याला किती सावध राहायला हवे ते तूच पाहा.

म्हणून या पत्रातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेव, की निनादच्या वागण्यात अचानक बदल झाला तर तो त्याच्या बुद्धीमुळे झाला असे कोणी म्हटले तरी मानायचे नाही. शरीरात कुठे काय दुखते आहे ते आधी शोधायचे. काही वर्षांपूर्वीचा तो पावसाळा तुला आठवत असेल. निनाद भाकरी खाईना, रात्री उठून येरझारा घाली आणि स्वतःच्या डाव्या गालावर थापडा मारून घेई. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनी त्याला हातही न लावता ‘अशा मुलांचे असे होतेच’ म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. गोळीने तो दिवसभर पेंगू लागला आणि होते तेही जेवण कमी झाले. मग मी त्याला एका दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी आधी त्याच्या हातात छोटा आरसा दिला, त्याला माझे दात पाहू दिले, आणि मग त्याचे तोंड उघडून पाहिले, तर मागच्या दाढेच्या मुळाशी पू साठलेला होता. दाढ काढली आणि आठवडाभरातच स्वारी पिठले-भाकरी मागून खाऊ लागली. गालावरच्या थापडांचा अर्थ त्यापेक्षा वेगळा काहीच नव्हता.

निनाद ‘दुखतंय’ असे म्हणत नाही, हे तू जाणतेस. पण तो जे करतो त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. पोट दुखत असेल तर तो न्हाणीघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसतो. डोके दुखत असेल तर भर उन्हाळ्यातही चादर डोक्यावरून ओढून घेतो. कान दुखत असेल तर रेडिओ बंद करायला लावतो, जो एरवी तो कोणाला हात लावू देत नाही. या खुणा विक्रमरावांनाही सांगून ठेव, कारण डॉक्टर विचारतील तेव्हा तू घरात असशीलच असे नाही.

पोटाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण लोक याला किरकोळ समजतात. अशा माणसांत बद्धकोष्ठ फार असते. स्नायू मुळात सैल, पाणी कमी पिणे, हालचाल कमी, आणि फिट किंवा मनाच्या आजारावरची औषधे चालू असतील तर त्यांनी भरच पडते. दुर्लक्ष झाले तर आतडे अडते आणि त्यातून जीवही जातो. इंग्लंडमध्ये असे मृत्यू नोंदले गेले आहेत. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ज्या दिवशी पोट साफ होते त्या दिवशी निनाद स्वतः निळ्या पेनाने खूण करतो. सलग तीन दिवस खूण दिसली नाही, की रात्री कोमट पाण्यातून इसबगोल आणि सकाळी पपई. तेवढ्याने भागले नाही, पोट फुगले किंवा उलटी झाली तर मात्र घरगुती उपाय करत बसायचे नाही, थेट दवाखान्यात न्यायचे.

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी द्यायची, आणि रक्ताची तपासणी दर वर्षी करायची. थायरॉइड कमी झाले की तो मंदावतो, वजन वाढते, आवाज घोगरा होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की वयाने आळस आला. कानाच्या नळ्या मुळातच अरुंद असल्याने मळ लवकर साठतो. तो काढला नाही तर ऐकू येत नाही, आणि ऐकू आले नाही की हाकेला ओ देत नाही म्हणून माणसे त्याला हट्टी ठरवतात. मोतीबिंदूही या लोकांत लवकर येतो. रात्रीच्या घोरण्याकडे लक्ष दे. घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि तो दचकून उठतो असे दिसले, तर झोपेची तपासणी करून घ्यावी लागेल. मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना हे आपणहून सांगायचे. चाल बदलली, हातातली पकड ढिली झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दाखवायचे. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायची, कारण छातीचा संसर्ग हा या माणसांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. दुसरीकडे, रक्तदाब आणि बहुतेक कर्करोगांच्या गाठी यांचे प्रमाण डाऊन सिंड्रोममध्ये इतरांपेक्षा कमी असते, एवढी एक जमेची बाजू.

आता जे लिहिते आहे ते लिहिताना हात जड होतो, पण ते तुझ्यापासून लपवून ठेवणे योग्य नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साठत जाते, त्याचा जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतो. निनादकडे तो एक जास्त आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत तो बदल सुरू झालेला असतो आणि बहुतेकांत पन्नाशीनंतर लक्षणे दिसू लागतात. सुरुवात विसरण्यानेच होते असे नाही. शर्टाची बटणे लावायला वेळ लागणे, जिन्याच्या पायरीशी थबकणे, लहानसहान कारणावरून चिडणे, पूर्वी कधी न आलेली फिट येणे, अशा गोष्टींपासून होऊ शकते. आज त्याला काय काय येते याची नोंद असेल तरच पुढे काय गेले ते कळेल, म्हणून मी या उन्हाळ्यात तो चहा करतो, कपड्यांच्या घड्या घालतो, सोसायटीतल्या सगळ्यांची नावे सांगतो, त्याचे व्हिडिओ काढून पेन ड्राइव्हवर ठेवले आहेत. दर वर्षी तेच पुन्हा काढ आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा.

मात्र बदल दिसला की लगेच अल्झायमरचा शिक्का मारू देऊ नकोस. थायरॉइड, ऐकणे, दृष्टी, झोप, दात, हे सगळे आधी तपासायला लाव. बाबा गेल्यावर तो कितीतरी दिवस बोलला नाही, त्यांच्या चपला दाराशी नीट लावून ठेवी आणि जेवायला चार पाट मांडी. तेव्हा एका परिचिताने याची बुद्धी आता उतरणीला लागली असे म्हटले होते. ते दुःख होते, आणि त्याला दुःख झाले आहे असे धरून आम्ही त्याच्याशी वागलो तसतसा तो सावरला. मी गेल्यावर पुन्हा तसे होईल. मला काय झाले ते त्याला खरे सांगा, दहाव्याला त्याला बरोबर न्या, आणि ‘आई गावाला गेली’ असे कोणीही म्हणू नका. तो वाट पाहत राहील.

इंग्लंडमध्ये वयाच्या 14 व्या वर्षापासून अशा माणसांची दर वर्षी संपूर्ण तपासणी करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे आणि त्यात डाऊन सिंड्रोमही येतो, पण तो 18 वर्षांपर्यंतच. त्यानंतर आपणच पुढाकार घ्यावा लागतो. मी नोव्हेंबर, म्हणजे त्याच्या वाढदिवसाचा महिना, ठरवून ठेवला आहे. तोच चालू ठेव. जाताना सकाळची पहिली वेळ माग, आणि रक्तदाबाचा पट्टा आधी तुझ्या दंडाला बांधून घे, म्हणजे तो आपला हात पुढे करतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद आहे. रांगेत कोणी हटकले तर शांतपणे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, दाखवायचे. त्याच्या आजारांचा, औषधांचा आणि वर लिहिलेल्या खुणांचा एक कागद मी तयार केला आहे. त्याच्या प्रती फाइलमध्ये आहेत. दाखल करायची वेळ आली तर पहिला कागद तो द्यायचा आणि एक प्रत खाटेच्या डोक्याशी लावायची.

निरामय योजनेचा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा चालू आहे, त्याचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. राहिले पालकत्वाचे. मुलगा 18 वर्षांचा झाला की आई-बापांची सहीही कायद्याने पुरेशी राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते आज माझ्या नावावर आहे. माझ्यानंतर ते तुझ्या नावावर व्हायला वेळ लागू नये, म्हणून माझ्या हयातीतच चौकशी करून अर्जाची तयारी करायची आहे.

तू विचारलेस त्याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, पण माझा अंदाज सांगते. निनादचे हृदय ठीक आहे, फिट नाहीत, वजन आटोक्यात आहे. तो साठी गाठेल असे धरून तुम्ही घराचे, पैशांचे आणि तुमच्या नोकऱ्यांचे नियोजन करा. तेव्हा तू पंचावन्नची असशील, आणि शेवटच्या काही वर्षांत त्याला चोवीस तास माणूस लागेल असेही धरून चाला. सगळे एकटीने अंगावर घेऊ नकोस. मदतीला माणूस ठेवण्यासाठी बाबांनी वेगळी ठेव करून ठेवली आहे, तिची पावती कपाटातल्या हिरव्या पिशवीत आहे.

दिवाळीला येशील तेव्हा आधार कार्डाची प्रत आणि दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो घेऊन ये. भाऊबीज झाली की आपण तिघे मिळून जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन येऊ. विक्रमरावांना आशीर्वाद सांग. कळावे.

तुझी,
आई