ओमच्या डोळ्याबद्दल

डिचोली, १२ जुलै

प्रिय नंदा,

ओमही उन्हात एक डोळा मिटतो हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. माझ्या चिमीचं असंच सुरू झालं होतं. दमली, तापली की डावा डोळा कानाकडे सरकायचा. घरात 'तिरळेपणा भाग्याचा' म्हणणारे होतेच, त्यात आमचं वर्ष गेलं. अगं, दोन डोळे मिळून अंतराचा अंदाज घेतात, ते कसबच यात हळूहळू जातं.

ऑपरेशन कोणतं, म्हणतेस. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एकीत दोन्ही डोळ्यांचे कानाकडचे स्नायू सैल करतात. स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ७ मिलिमीटरवर चिकटलेला असतो, तिथून सोडवून थोडा मागे शिवतात. दुसरीत सगळं एकाच डोळ्यावर: कानाकडचा सैल, नाकाकडचा थोडा कापून आखूड. डोळा खोबणीतून बाहेर काढत नाहीत, ही भीती आधी मनातून काढ. माझ्या कितीतरी रात्री तिच्यापायी गेल्या.

चांगल्या डोळ्याला सुरी लावू द्यायला माझं मन धजेना. पण डॉक्टरांनी समजावलं, की दोन्ही डोळ्यांना मेंदूचा हुकूम एकच सुटतो, म्हणून दोष एकट्या डाव्याचा धरायचा नाही. २०१९ साली छापून आलेल्या चाचणीत अशा १९७ मुलांना दोन्ही पद्धतींत वाटून तीन वर्षं पाहिलं. दोन डोळ्यांच्या पद्धतीत शेकडा ४६, एका डोळ्याच्या पद्धतीत शेकडा ३७ मुलांचा परिणाम समाधानकारक राहिला नाही. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणून कुठलीच पद्धत सरस ठरली नाही. मला मात्र ते दोन्ही आकडेच लागले. म्हणजे डोळा पुन्हा सरकू शकतो, हे धरूनच आत जायचं.

तू एक विचार: लांब बघताना आणि जवळ बघताना डोळा बाहेर सरकण्याचा कोन किती? लांबचा बराच जास्त असेल तर पुष्कळ डॉक्टर दोन्ही डोळ्यांकडे झुकतात. चिमीचा सारखाच होता, म्हणून आम्ही डावाच केला.

नंतर आठवडाभर तिला एकाचे दोन दिसले, डोळा किंचित नाकाकडे. मी रडले. पण सुरुवातीला मुद्दामच थोडा जास्त वळवतात, कारण बाहेरची ओढ राहतेच. आता ती सुईत दोरा स्वतः ओवते, नंदा!

थेंब घालून चष्म्याची तपासणी झाली का, ते आधी कळव. आणि ओमचे जुने फोटो घेऊन ये, चवथीच्या आधीच ये.

तुझी,
शैला