बाबा, आपला ओळंबा जरा नीट बघा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या गुडघ्याचं खरं काय ते बाबा, तुम्हीच लिहा. ती फोनवर नुसतं 'बरं आहे' म्हणते. हे पत्र मात्र आजोबांच्या ओळंब्याबद्दल आहे.

मार्कच्या आजोबांची जुनी लष्करी रायफल गेल्या महिन्यात वाटणीत आमच्याकडे आली. तळघरात कितीतरी वर्षं घोंगडीत गुंडाळून पडली होती. त्यांच्या घरात सगळे धरून चालले होते की आजोबांनी युद्धात हीच वापरली. साफ करायचं काम मी मागून घेतलं. एनसीसीत थ्री-नॉट-थ्री उघडलेली आहे ना! उस्तादांनी शिकवलेलं पहिलं काम पहिल्यांदा केलं. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये टॉर्च मारला आणि करंगळी घालून पाहिली. रिकामी होती.

बोल्टच्या मुठीमागे, जिथे बट, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, बसतो, तिथल्या लोखंडावर जुनं ग्रीस वाळून काळं झालं होतं. रॉकेलचा बोळा फिरवत गेले. आधी मुकुट दिसला, मग 'जी. आर. आय.', म्हणजे सम्राट जॉर्ज. त्याखाली ईशापूर! आणि १९४१. बाबा, हात तिथंच थांबला. कोलकात्याजवळ हुगळीकाठच्या कारखान्यातली रायफल इथं ऑन्टारिओत माझ्या मांडीवर. कॅनडाच्या सैनिकांकडे पुढे 'नं. ४' नावाची रायफल आली, ती इथंच टोरांटोजवळ लाँग ब्रांचला बनायची. तिची नळी पुढे बाहेर डोकावते आणि बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, डोळ्याजवळ असते. हिचं नाक बोथट, साइट नळीच्या मध्यावर. ही त्याआधीची 'नं. १ मार्क ३', नावापुढे चांदणी कोरलेली, म्हणजे पहिल्या महायुद्धात घाईसाठी सोपी केलेली. युद्धानंतर अशा रायफली इथं शिकारीसाठी स्वस्तात मिळायच्या, आजोबांनी तशीच घेतली असणार. मार्कला थोडं वाईट वाटलं, पण खरं ते कळलेलं बरं. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच निघाला, याचा मात्र त्याला आनंद झाला.

मार्क सँडपेपर घेऊन आला होता. मी परत ठेवायला लावला. असल्या वस्तूवर एकदा घासलं की अक्षरं जातात, ती परत येत नाहीत. गंजावर तेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी फडक्यानं पुसलं, असं चार दिवस. लाकूड ओल्या फडक्यानं पुसून वाळवलं आणि जवसाचं तेल थेंब थेंब तळहातानं चोळलं. बट आतून आवळून धरणारा मोठा बोल्ट उघडायचा मोह झाला होता, पण पुढचं लाकूड न उतरवता तो फिरवला की तेच लाकूड चिरतं, म्हणून हात लावला नाही.

आता ज्यासाठी लिहितेय ते. बटच्या मागच्या पितळी पत्र्यात एक छोटं झाकण असतं. ते अंगठ्यानं उचललं, तर आत तेलाची पितळी कुपी आणि सुतळीसारख्या दोरीची गुंडाळी. दोरीच्या एका टोकाला बोटाएवढं लांब, निमुळतं पितळी वजन.

बाबा, आपला ओळंबा!

माजघरात खुंटीला टांगलेला, आजोबांच्या ट्रंकेत निघालेला, ज्याला दोरा लावून तुम्ही गोठ्याची भिंत सरळ आहे का ते बघायचात, तो ओळंबा नाहीच. तो पुलथ्रू आहे. वजन चेंबरच्या बाजूनं नळीत सोडायचं, पुढून बाहेर आलं की ओढायचं, आणि दोरीच्या फासात अडकवलेली चार इंच बाय दोन इंचाची चिंदी नळी पुसत जाते. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत असा क्षार असायचा की गोळी झाडून नळी तशीच ठेवली तर आतून गंजायची. तेलानं तो क्षार जात नाही, पाण्यानं जातो. म्हणून आधी उकळतं पाणी ओतायचं, मग चिंद्या, मग तेल. दुसऱ्या महायुद्धात इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात आपल्या आजोबांनी हे कितीदा केलं असेल! त्यांची रायफल शेवटी कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा झाली, पण दोरी बरोबर आली. मी असं म्हणत नाही की हीच रायफल त्यांच्या हातात होती. पण सालही १९४१ आणि केरेनही १९४१, हे डोक्यातून जात नाही.

बाबा, ते वजन खुंटीवरून काढा. त्यावर काही कोरलंय का भिंगानं बघा, आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. मूळ दोरी ट्रंकेत असली तर तिला किती फास आहेत तेही कळवा. आई, त्याला चिंच-मीठ लावू नकोस, नुसतं कोरड्या फडक्यानं पूस.

काळजी करू नका. मार्ककडे लायसन्स आहे, ट्रिगरला कुलूप घातलंय, बोल्ट वेगळ्या कपाटात ठेवलाय आणि ती झाडायची नाही असं आम्ही ठरवलंय. परवा लेकीनं चिंदी कापून दिली आणि विचारलं, पणजोबांची दोरी कुठं आहे. मी म्हटलं, साताऱ्यात, खुंटीवर.

तुमची,
सुमा