ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रूट कॅनॉल करून मेलेली दाढ तोंडात ठेवण्यापेक्षा ती उपटून टाकलेली बरी, अशा आशयाचं एक वाचकपत्र आपल्या अंकात वाचलं. मी दातांची डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून त्यांच्या हातात फाइली (मुळाच्या आत घालून खरवडायच्या बारीक सुया) देते, आणि खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाचा चेहरा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त दिसतो. तेवढ्या अधिकारात लिहिते आहे.

कीड खोलवर पोचली की नस आधीच मरणपंथाला लागलेली असते, रूट कॅनॉल तिला मारत नाही. बोट सुजलं तर कातडी ताणते. दाढेतला मऊ गर, म्हणजेच ही नस, मात्र चहूबाजूंनी टणक भिंतीत कोंडलेला. सुजायला जागाच नाही, म्हणून ठणका. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, त्यामुळे “दिवसा बरं असतं हो, रात्रीच काय होतं कळत नाही” हे आमच्याकडे रोजचंच.

मग एके दिवशी ठणका आपोआप थांबतो आणि घेतलेली वेळ रद्द करायला फोन येतो. तो मीच उचलते. नस पूर्ण मेली म्हणून दुखणं थांबलेलं असतं. जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरू लागतात. पुढे हीच मंडळी गाल सुजवून येतात, नाहीतर हिरडीवर पुळी घेऊन. गोळ्यांनी सूज उतरली तरी औषध रक्तातूनच पोचणार, आणि मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही. आतली घाण साफ केल्याशिवाय ती जात नाही.

भुलेची भीती मी समजू शकते. खालची दाढ फार चिडलेली असेल तर एका इंजेक्शनने भागत नाही, दुसरं द्यावं लागतं. अशा वेळी दात-ओठ आवळून सोसू नका, हात वर करा. तोंडावर रबराचा पडदा ताणतो त्याचीही पुष्कळांना चीड असते. पण थुंकीतले जंतू दाढेत जाऊ नयेत आणि हातातून निसटलेली फाइल घशात जाऊ नये, यासाठीच तो असतो.

१० नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटरचं. त्या फाइलवर रबराची एक इवलीशी चकती असते. मुळाची लांबी यंत्राने आणि एक्स-रेने ठरली की पट्टीवर धरून ती चकती मी त्या मापाला सरकवते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर फाइल माझ्याकडे परत येते, शिवाय एक कटाक्ष. फाइलीने खरवडून सगळं निघत नाही. उरलेलं काम सोडियम हायपोक्लोराइट करतं, कपड्यांच्या ब्लीचमधलंच रसायन. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण कॅनॉल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, बरेचदा चार. तो चौथा सापडेपर्यंत खुर्चीतला माणूस घड्याळ बघत असतो. राहून गेला तर दाढ पुन्हा दुखू शकते. शेवटी साफ झालेल्या पोकळीत गट्टा-पर्चा भरतात, झाडाच्या चिकापासून होणारा पदार्थ.

माझी खरी तक्रार अर्ध्यावर पळणाऱ्यांबद्दल आहे. पहिल्या बैठकीत ठणका थांबतो, वर तात्पुरतं सिमेंट बसतं, आणि माणूस गायब! ते सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की जंतूंना पुन्हा वाट मोकळी. दुसरे पळतात ते कॅपच्या आधी. कोरलेली दाढ कॅपशिवाय चावायला वापरली आणि मुळापर्यंत चिरली, तर बहुधा काढावीच लागते. पत्रलेखकांच्या परिचितांची दाढ रूट कॅनॉल करूनही गेली म्हणतात, तिच्यावर कॅप होती का, एवढं त्यांनी विचारून बघावं.

मूळ उभं तडकलेलं असेल, किंवा हिरडीच्या वर दाढ उरलीच नसेल, तर काढा म्हणणारा डॉक्टर बरोबरच सांगतो. पण निर्णय एक्स-रे समोर ठेवून व्हावा. मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याची दिसणारी काळी सावली तुम्हालाही दाखवायला सांगा, आणि वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढून घ्या. उपचार नीट झाले असतील तर तिथे हाड भरत आलेलं दिसतं. या दुसऱ्या एक्स-रेला मात्र आठवणीचे फोन करूनही फार थोडे लोक येतात.

आपली,
एक दंतसहायक