चार्ट छान आहेत हो, पण पोरं बोलतात कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी शिकवायच्या क्रिएटिव्ह पद्धतींवरचा लेख वाचला. फ्लॅशकार्ड, पपेट, गाणी, रंगीत चार्ट सगळं आहे त्यात, फोटोपण मस्त आहेत, पण बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय म्हणून राहवलं नाही आणि लिहायला बसलो. त्या अख्ख्या लेखात मूल इंग्रजीत बोलतं कधी हेच मला सापडलं नाही.

मी पण हे सगळं करून बसलोय. एकदा रात्री जागून शंभरेक शब्दांची कार्डं कापली, दुसऱ्या दिवशी वर्गात खेळ लावला, पोरं जाम खूष, नुसता दंगा, आणि तास संपल्यावर लक्षात आलं की अख्खा खेळ मराठीतनं झालाय. "ए माझी टर्न आहे", "तू चीटिंग केलीस", हे असलं सगळं. इंग्रजी काय तर कार्डावरचा एकेक शब्द, तोही ओरडून.

बोलायला गरज लागते हो. आपण पेन हातात धरून विचारतो व्हॉट इज धिस, आता ते पेन आहे हे विचारणाऱ्याला माहितीय, सांगणाऱ्याला माहितीय, मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला पण माहितीय, मग कोण कशाला मनापासून उत्तर देईल? त्यापेक्षा जवळजवळ सारखी दोन चित्रं घ्या, आठ-दहा फरक असलेली, जोडीतल्या एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं द्या, दाखवायचं नाही, फक्त बोलून फरक शोधायचे. याला इन्फर्मेशन गॅप म्हणतात, म्हणजे एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते, ती विचारूनच घ्यावी लागते. माझ्या वर्गात वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी यात पटकन विचारून गेली, "हाऊ मेनी बर्ड्स यू हॅव?" व्याकरण चुकलं, पण समोरच्याच्या चित्रातले पक्षी तिला खरंच दिसत नव्हते ना, म्हणून विचारलं.

हे काही माझ्या डोक्यातनं आलेलं नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग चालवला होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं असलं काहीतरी सोडवायला द्यायचं आणि इंग्रजी त्यातनं येऊ द्यायचं. त्यांनी गॅपचे तीन प्रकार सांगितलेत, माहितीची, तर्काची (दिलेल्या माहितीवरून उत्तर स्वतः काढायचं) आणि मताची (स्वतःला काय वाटतं ते सांगायचं). हे मांडून चाळीस वर्षं झाली आणि आपण अजून पपेटचे डोळे चिकटवत बसलोय.

मोठ्या वर्गात जमत नाही असं सगळे म्हणतात, मी पण म्हणायचो. मग एकदा हिशोब केला. साठ मुलं, चाळीस मिनिटांचा तास, त्यातला अर्धा वेळ मीच बोलतो असं धरलं तर एकेकाच्या वाट्याला येतात वीस सेकंद! जोड्या लावल्या की एकाच वेळी तीसजण बोलतात. आवाज होतो, बाजूच्या वर्गातनं तक्रार येते, ती ऐकून घ्यायची.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे रनिंग डिक्टेशन. वर्गाबाहेर भिंतीवर पाच-सहा ओळींचा उतारा चिकटवायचा, एकाने पळत जाऊन वाचायचा, लक्षात ठेवायचा, परत येऊन सांगायचा आणि दुसऱ्याने लिहायचा. शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून बघायचं. तेव्हा मुलांना स्वतःलाच दिसतं की वाटेत इंग्रजीतले 'द' आणि 'अ' (the, a) कुठेतरी सांडलेत, कारण आपल्या भाषेत ते नाहीतच, त्यामुळे डोकं ते पकडतच नाही. फळ्यावर दहा वेळा सांगून जे होत नाही ते इथे होतं.

अगदी नवशिक्या मुलांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची टोटल फिजिकल रिस्पॉन्स पद्धत बरी आहे. आपण सूचना द्यायची, त्यांनी फक्त करून दाखवायचं, बोलायची सक्ती नाही. थोड्या दिवसांनी पोरांना सरांना उठवायला-बसवायला सांगू द्या, मग बघा. पण ती फार ताणू नये, 'प्रामाणिकपणा' कसा काय करून दाखवणार?

आणि लेखात वर्गात मातृभाषा अजिबात नको असं ठणकावून लिहिलंय ते तर मला पटलंच नाही. खेळाचे नियम मराठीत अर्ध्या मिनिटात सांगून होतात, तेच इंग्रजीत हातवारे करत दहा मिनिटं जातात आणि तरी दोघं-तिघं विचारतातच काय करायचंय म्हणून. शिवाय दोन भाषा शेजारी ठेवण्यात मजा आहे. आपल्याला भूक लागते, थंडी वाजते, झोप येते, इंग्रजीत तिन्हीला आय ॲम. हे सांगितल्यावर एकजण म्हणाला सर, थंडी वाजते म्हणजे घंटेसारखी का? पुढचा अर्धा तास वर्ग स्वतःहून असली वाक्यं शोधत होता.

अजून एक, याला तर पैसाही लागत नाही आणि कागदही. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं, तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात. परकी भाषा म्हटल्यावर तर आधी वाक्य मनात जुळवायचं असतं. मी मनात आकडे मोजतो, तरी दुसऱ्या सेकंदाला जीभ वळवळतेच, इतकी सवय लागलीय आम्हाला उत्तर स्वतःच द्यायची.

लेखिकेने पुढच्या भागात याबद्दल लिहावं एवढीच विनंती. आणि कोणी ते दोन चित्रांचं करून बघणार असेल तर दोघांच्या मध्ये दप्तर उभं ठेवा, पोरं वाकून बघतातच.

आपला,
एक इंग्रजीचा मास्तर