सुन्यास पत्र: आरएक्स परत सुरू झाली

गंगापूर रोड, नाशिक
९ जून

प्रिय सुन्या,

दोन वर्षं पत्र नाही की फोन नाही. हव्या तेवढ्या शिव्या दे. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

परवा पहाटे माझी जुनी मोटारसायकल, यामाहा आरएक्स, सुरू झाली. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली होती तीच. ओमने माझ्या नकळत पंचवटीतल्या गॅरेजवाल्याकडून टाकीतला गंज काढून घेतला, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलला. तिसऱ्या किकला ती उठली आणि पडवीभर निळा धूर झाला. टू-स्ट्रोक ऑइलचा तोच वास. सुन्या, मला ना राग आला, ना भीती वाटली. ऊर भरून आला. आता घरात हे सांगू कुणाला? रव्याच्या आईसमोर तर दोन दिवस जाता आलं नाही मला.

ओमला रेसिंग शिकायचंय, चेन्नईच्या ट्रॅकवर. म्हणतो, 'बाबा, तिथे पडलो तर घसरत जायला जागा असते, दारात अ‍ॅम्ब्युलन्स असते.' खरं आहे त्याचं. पण रात्री मोबाइलवर काय बघतो? आयल ऑफ मॅनची टीटी! ब्रिटनजवळच्या बेटावरची मोटारसायकलची शर्यत, १९०७ पासून चाललेली. साठ किलोमीटरचा फेरा, दोनशेच्या वर वळणं, आणि सगळा रोजच्या वापरातला रस्ता. कडेला दगडी कुंपणं, घरं, विजेचे खांब. घसरायला जागाच नाही. दर दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात, म्हणजे शेजारी कुणी नाही, तू आणि घड्याळ. २०२३ साली हिकमनने एक फेरा सरासरी ताशी २१९ ने मारला. सरासरी, सुन्या! गावातली वळणं धरून. आणि त्या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्वार गेले. एकट्या २०२२ च्या टीटीत सहा.

(तुझी येझदी आठवली. सातपूरचा चढ आला की ढकलायला दोन माणसं लागायची. भांडू नकोस, लागायची.)

मी ओमला म्हटलं, डनलॉपांचं घर बघ. जोई सव्वीस वेळा टीटी जिंकला, २००० साली एस्टोनियातल्या शर्यतीत त्याचा जीव गेला. भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० या शर्यतीच्या सरावात गेला. रॉबर्टचा विल्यम २०१८ मध्ये. तर पोरगं म्हणतं, 'आणि मायकल?' मायकल म्हणजे रॉबर्टचा धाकटा. बाप गेल्यावर दोन दिवसांनी तो त्याच शर्यतीत उतरला आणि जिंकला. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आपला ओमही एकोणीसचाच. मला पुढे बोलताच येईना. कारण मला मायकल कळतो, सुन्या. अंजनेरी मागे पडल्यावर रस्ता सरळ व्हायचा, सुई नव्वदला टेकायची, तेव्हा डोक्यात ना घर असायचं ना नोकरी. इतकं स्वच्छ मला नंतर कधीच वाटलं नाही.

आणि त्याच रस्त्यावर, १९९५ च्या त्या पहाटे, वळणावर ट्रॅक्टरची सांडलेली वाळू. तू मागे होतास, तुला दिसलं. मी पुढे होतो. मी त्र्यंबकला पोचून तीन चहा सांगून बसलो होतो. तिन्ही चहांवर साय धरली तरी तुम्ही आला नाहीत. रव्याचं डोकं तुझ्या मांडीवर होतं तेव्हा मी तुम्हाला हरवलं म्हणून हसत होतो.

पुढच्याच महिन्यात तू येझदी विकलीस आणि मी तुला भर चौकात भित्रा म्हणालो. १९७२ च्या टीटीत इटलीचा पार्लोत्ती गेला तेव्हा त्याचा मित्र अगोस्तिनीने टीटी सोडली, परत गेला नाही. दहा वेळा जिंकलेला माणूस. त्याला कोण भित्रा म्हणेल? तुला म्हणालो ते चुकलं माझं. हे तीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

वहिनींचा गुडघा कसा आहे? सईच्या बारावीच्या निकालाचे पेढे बाकी आहेत. सांगलीत पाऊस आला का?

ओमने उत्तर मागितलंय. रव्याबद्दल त्याला एवढंच माहीत आहे की बाबांचा मित्र अपघातात गेला. आम्ही शर्यत लावली होती, हे मी सांगितलेलं नाही. ते तुझ्यासमोर सांगेन म्हणतो. एकट्याने जमणार नाही.

तोवर आरएक्सची किल्ली तांदळाच्या डब्यात ठेवलीय. डबा अर्धा झालाय. लवकर ये.

तुझा,
दिन्या